विश्लेषण : वसंतराव नाईकांचे आयुष्य आणि विमुक्तांवरचा न पुसलेला शिक्का

दरवर्षी १ जुलैला राज्यात कृषी दिन साजरा होतो. बुलढाणा जिल्ह्यातही सरकारी कार्यालयांत वसंतराव नाईक यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. व्हॉट्सॲपवर हरितक्रांतीचे प्रणेते म्हणून त्यांचे फोटो फिरतात. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सर्वाधिक काळ सांभाळणारा नेता, ही माहितीही बहुतेकांना असते.

या फोटोंखाली एक गोष्ट मात्र क्वचितच लिहिलेली दिसते. नाईक ज्या बंजारा समाजात जन्मले, त्या समाजाच्या अनेक गटांची नावे इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या यादीत घातली होती. अशा यादीतल्या समाजात जन्मलेले मूल कायद्याच्या नजरेत पाळण्यातच संशयित ठरत असे. ती यादी रद्द होऊन सात दशके उलटली, तरी तिची सावली पारधी, वडार, कैकाडी वस्त्यांवर आजही आहे. युरोपात रोमा समाजाच्या वाट्याला जे आले, त्याच्याशी याचे मोठे साम्य आहे. नाईकांच्या आयुष्याच्या आधाराने हे समजून घेऊया.

खामगावची रेल्वे आणि बंजाऱ्यांचे बैल

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडातला माल बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जायचा. शेकडो, कधी हजारो बैलांचा तांडा धान्य आणि मीठ घेऊन महिनोन्‌महिने चालत असे. लमाण हे नाव लवण, म्हणजे मीठ, या शब्दावरून आले असे मानले जाते. सैन्याच्या मोहिमांना रसद पोहोचवण्याचे कामही हेच तांडे करीत. आजच्या भाषेत सांगायचे तर देशाची मालवाहतूक व्यवस्था त्यांच्या हातात होती.

१८६०च्या दशकात मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या मार्गाने रेल्वे वऱ्हाडात शिरली. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. तिला जोडणाऱ्या जलंब-खामगाव फाट्याचे उद्घाटन १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. रूळ पडले आणि बैलांवरच्या मालवाहतुकीची गरज संपत गेली. मिठावरच्या सरकारी करानेही या धंद्याचे कंबरडे मोडले.

पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, याच मेयो यांच्या सरकारचा गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला. रेल्वेमुळे ज्यांचा धंदा गेला, अशा फिरत्या समाजांकडे सरकार आता गुन्हेगार म्हणून पाहू लागले.

कायदा नेमका काय होता?

एखादा समाज सवयीने गुन्हे करतो असे सरकारला वाटले, की त्या समाजाचे नाव यादीत घालता येत असे. यादीत नाव आले की त्या समाजातल्या माणसांची पोलिसांकडे नोंद होई. गाव सोडायचे तर परवाना लागे. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. हजेरी चुकली किंवा परवान्याशिवाय माणूस बाहेर सापडला, तर शिक्षा होई. त्या माणसाने खरोखर काही चोरले होते का, हा प्रश्नच नसे.

हा कायदा आधी उत्तर भारतात लागू झाला. १८९७च्या दुरुस्तीने यादीतल्या समाजांच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे ठेवण्याची सोय केली. १९११ मध्ये तो संपूर्ण ब्रिटिश भारतासाठी आला आणि बोटांचे ठसे घेणे सुरू झाले. काही समाजांना तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत ठेवले गेले. सोलापुरातल्या एका भागाला आजही सेटलमेंट म्हणतात, ते नाव तिथूनच आले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशभरातले सव्वाशेहून अधिक समाज या कायद्याखाली होते. बंजाऱ्यांची स्थिती प्रांताप्रमाणे वेगळी होती. सगळीकडचे सगळे बंजारा यादीत नव्हते, पण फिरता तांडा म्हटला की संशय, हे समीकरण सगळीकडे पोहोचले होते.

गहुलीचा हाजूसिंग

देशव्यापी कायदा येऊन दोन वर्षे झाली होती. १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात, गहुली या गावी, फुलसिंग आणि हुनाबाई यांच्या पोटी मुलगा झाला. त्याचे नाव हाजूसिंग. पुढे महाराष्ट्र त्याला वसंतराव म्हणून ओळखू लागला.

गहुली हे गाव त्यांचे आजोबा चतुरसिंग यांनी वसवले. तांड्याचा प्रमुख तो नायक. नाईक हे आडनाव त्यावरूनच आले. चतुरसिंगांनी फिरणे थांबवून तांडा एका जागी स्थिर केला आणि शेती सुरू केली. पुढच्या पिढीत फुलसिंग हे परिसरातले प्रतिष्ठित शेतकरी झाले. वसंतरावांचे पुढचे आयुष्य समजून घ्यायचे तर हा तपशील महत्त्वाचा आहे. त्यांचा जन्म झाला तेव्हा घराकडे जमीन होती आणि सरकारदरबारी लिहिता येईल असा पत्ता होता.

तांड्यात शाळा मात्र नव्हती. प्राथमिक शिक्षणासाठी या मुलाला आजूबाजूच्या वेगवेगळ्या गावांतल्या शाळांत जावे लागले. नंतर अमरावती, मग नागपूर. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी आणि १९४० मध्ये कायद्याची पदवी घेतली. वकिलीचे पहिले धडे त्यांनी अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली घेतले आणि मग पुसदला स्वतःची वकिली सुरू केली.

१९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केले. वत्सलाबाई ब्राह्मण कुटुंबातल्या. त्या काळी बंजारा तरुण आणि ब्राह्मण तरुणी यांचे लग्न ही दोन्ही बाजूंना सहज पचणारी गोष्ट नव्हती. तरी ते लग्न झाले आणि टिकले. वत्सलाबाई पुढे नाईकांच्या सार्वजनिक जीवनातही सोबत राहिल्या.

पुसद ते मुंबई

१९४६ मध्ये नाईक पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुसदमधून निवडून आले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. बुलढाणा जिल्ह्याचा कारभारही तिथूनच चाले. नाईक त्या सरकारात महसूल खात्याचे उपमंत्री झाले.

निवडणूक १९५२च्या सुरुवातीला झाली, तर केंद्राने गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे बंजारा समाजातला हा वकील आमदार म्हणून निवडून आला, तेव्हा माणसाला जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा कायदा स्वतंत्र भारतात अजून जिवंत होता. मुंबई राज्याने तो १९४९ मध्येच रद्द केला होता. देशाने मात्र १९४७ नंतर पाच वर्षे घेतली. यादीतून सुटलेल्या या समाजांना तेव्हापासून विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. नाईकांनी तिथे सहकार आणि कृषी खाते सांभाळले. १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हा ते महसूलमंत्री होते. ग्रामीण कारभार कसा असावा हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तिच्या शिफारशींवरून १९६१चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. बुलढाण्यात जिल्हा परिषदेच्या पायऱ्या चढणारा प्रत्येक जण त्या समितीने आखलेल्या रचनेतून जातो. शेतजमिनीच्या कमाल धारणेचा १९६१चा कायदाही ते महसूलमंत्री असतानाच झाला.

नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे पदावर असताना निधन झाले. ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. सुटाबुटातले, हातात पाइप असलेले हे मुख्यमंत्री बोलायचे मात्र ज्वारी, कापूस आणि विहिरींबद्दल.

अकरा वर्षांत काय झाले?

साठच्या दशकात राज्यात धान्याची टंचाई होती. १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या सभेत नाईकांनी जाहीर केले, की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्यावी. संकरित ज्वारी, खते आणि विहिरी यांवर त्यांनी भर दिला. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच काळात उभी राहिली. अकोल्याचे विद्यापीठ मात्र सहज मिळाले नाही. १९६७ मध्ये त्यासाठी आंदोलन झाले, गोळीबार झाला, आंदोलकांचे जीव गेले. १९६९ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. बुलढाण्यातला सोयाबीन-कापसाचा शेतकरी आज सल्ल्यासाठी याच विद्यापीठाकडे पाहतो.

१९७२च्या दुष्काळात गावोगावी रोजगार हमीची कामे निघाली. मागेल त्याला काम ही कल्पना वि. स. पागे यांची. ती राज्यभर राबवली नाईक सरकारने. पुढे देशाच्या ग्रामीण रोजगार कायद्याला याच योजनेची वाट सापडली.

विमुक्तांसाठी काय झाले? १९६५ मध्ये राज्याने विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी ४ टक्के आरक्षण ठरवले. त्यांच्या मुलांसाठी आश्रमशाळांचे जाळे वाढले. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस अशा नोकऱ्यांत तांड्यांवरची पहिली पिढी शिरली, ती या वाटेने.

एक काम मात्र राहून गेले. गुन्हेगार जमाती कायदा गेला, पण त्याच्या जागी अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांवरचे कायदे आले. मुंबई राज्यातला असा कायदा १९५९चा. कागदावर तो जातीचे नाव घेत नाही. पण गावात चोरी झाली की आधी पालावर जायचे, ही ठाण्यांची सवय कायद्यातल्या शब्दांवर अवलंबून नव्हती. ती मोडण्यासाठी वेगळे, सततचे प्रयत्न हवे होते. राज्याचा प्रमुख स्वतः विमुक्त समाजातला असूनही त्या अकरा वर्षांत ती मोडली नाही.

१९७७ मध्ये नाईक वाशिममधून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. १९९१ मध्ये त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईकही मुख्यमंत्री झाले. आजोबांनी तांडा स्थिर केला आणि त्या घराने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले.

युरोपातले रोमा : नाते काय, साम्य काय?

युरोपात साधारण एक ते सव्वा कोटी रोमा राहतात. हजार ते दीड हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून निघाले, याला भाषा आणि जनुकीय अभ्यास दोन्ही दुजोरा देतात. रोमानी भाषेत पाण्याला पानी, नाकाला नाख आणि कानाला कान म्हणतात. १९७१ मध्ये स्वीकारलेल्या त्यांच्या झेंड्यावर चक्र आहे. रोमा म्हणजे युरोपातले बंजारा, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. दोन्ही समाज थेट एकाच वंशाचे आहेत असा पुरावा मात्र नाही. त्यांना मिळालेली वागणूक किती सारखी आहे, हे दाखवता येते.

भारतात १९११ मध्ये यादीतल्या समाजांचे ठसे घेणे सुरू झाले. फ्रान्सने पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, फिरत्या लोकांना शरीराची मापे आणि ठसे असलेली ओळखवही सक्तीची केली. गावोगाव ती पोलिसांकडून तपासून घ्यावी लागे. फ्रान्समधली ही पद्धत १९६९ पर्यंत चालली. जर्मनीत म्युनिच पोलिसांनी रोमांची स्वतंत्र नोंदवही १८९९ पासूनच ठेवली होती. नाझी सत्तेत आले तेव्हा असे कागद तयारच होते. दुसऱ्या महायुद्धात किमान दोन लाख, काही अंदाजांनुसार पाच लाख रोमा मारले गेले. २ ऑगस्ट १९४४च्या एकाच रात्री ऑशविट्झमध्ये चार हजारांहून अधिक रोमांचा जीव घेतला गेला.

युद्धानंतर जे घडले ते तितकेच बोलके आहे. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ पूर्वीची रोमांवरची कारवाई वांशिक नव्हती, गुन्हेगारी रोखण्यासाठी होती, असा निकाल दिला. त्यामुळे अनेकांची भरपाई नाकारली गेली. हा वंशसंहारच होता, हे जर्मन सरकारने मान्य केले ते १९८२ मध्ये. ज्यांच्यावर अन्याय झाला तेच संशयित ठरले. म्हणून त्यांच्या दुःखाची नोंद घ्यायला कुणाला घाई नव्हती.

१ जुलै २०१८

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, नाईकांच्या जयंतीच्याच दिवशी, तिथे आठवडी बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षेसाठी उतरले. मुले पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. एका लहान मुलीशी बोलल्याचे निमित्त झाले. जमावाने पाचही जणांना ठेचून मारले.

डवरी गोसावी ही भटकी जमात. तिच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या असेच गावोगाव फिरून पोट भरले. त्या दिवशी अनोळखी आणि फिरता एवढ्यावरून पाच माणसे गुन्हेगार ठरली. १८७१च्या कायद्याचा तर्क हाच होता.

हीच अफवा युरोपातही फिरते. ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्रीसमधल्या एका रोमा वस्तीत सोनेरी केसांची मुलगी सापडली आणि ती पळवलेली आहे अशा बातम्या जगभर झळकल्या. तपासणीत तिचे जन्मदाते बल्गेरियातले रोमाच निघाले. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये दोन मुलांना रोमा आईवडिलांकडून काढून घेतले गेले. ती मुले त्यांचीच होती. मार्च २०१९ मध्ये पॅरिसजवळ मुले पळवणाऱ्या पांढऱ्या व्हॅनची अफवा पसरली आणि रोमा वस्तीवर हल्ले झाले. अफवा पसरवणाऱ्यांचे देश आणि भाषा वेगळ्या होत्या. संशय मात्र दर वेळी फिरत्या, घर नसलेल्या माणसावरच आला.

मग दुर्लक्ष होते कसे?

पहिले कारण आकड्यांचे. भारतात सर्व जातींची गणना शेवटची झाली ती १९३१ मध्ये. त्यानंतर विमुक्त-भटक्यांची देशभराची मोजणीच नाही. एकच समाज राज्यागणिक वेगळ्या यादीत आहे. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, तर महाराष्ट्रात विमुक्त जाती या प्रवर्गात येतो. राज्याच्या विमुक्त यादीत १४ समाज आहेत आणि त्यांच्यात मोठी दरी आहे.

दुसरे कारण नाईकांसारख्या मोठ्या नावाचे. नाईक मुख्यमंत्री झाले, मग विमुक्तांना काय कमी, असा युक्तिवाद सहज होतो. त्यांच्या आयुष्याचा क्रम नीट पाहिला तर तो टिकत नाही. आजोबांच्या पिढीत जमीन आणि स्थिर गाव मिळाले. वडिलांच्या पिढीत प्रतिष्ठा आली. तिसऱ्या पिढीत शाळा आणि पदवी आली. संशयाच्या सावलीतून बाहेर पडायला या घराला तीन पिढ्या लागल्या आणि पायाखाली सातबारा लागला. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा भागातल्या बंजारा तांड्यांपैकी ज्यांच्याकडे थोडी जमीन आणि शाळा आली, तिथली मुले पुढे गेली. ज्या पारधी कुटुंबाचे पाल गायरानावर आहे, त्याच्याकडे रहिवासाचा पुरावाच नसतो. पुरावा नाही म्हणून जातीचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून आरक्षण नाही. नाईकांच्या सरकारने दिलेली सवलत त्याच्यापर्यंत पोहोचायची तर आधी त्याला पत्ता हवा.

तिसरे कारण, हा भेदभाव आपल्याला भेदभाव वाटतच नाही. पाल दिसले की गावात सावधानतेचा मेसेज टाकणाऱ्याला आपण जागरूक नागरिक आहोत असेच वाटते.

आता काय बदलते आहे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावलींतल्या जातीवर आधारित तरतुदी रद्द केल्या. विमुक्त समाजांना सवयीचे गुन्हेगार मानणारे उल्लेखही त्यात होते. विमुक्तांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, असेही न्यायालयाने पोलिसांना बजावले. कायदा रद्द झाल्यानंतर ७२ वर्षांनी हे सांगावे लागले. येत्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला आहे. पालावरच्या माणसांपर्यंत प्रगणक पोहोचले, तर १९३१ नंतर प्रथमच खरा आकडा समोर येईल.

महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांच्या विकास महामंडळाला नाईकांचेच नाव आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठालाही आहे. कृषी दिन शासकीय कॅलेंडरवर आहे. ३१ ऑगस्टचा विमुक्त दिन मात्र बहुतेक गावांत विमुक्तांच्या वस्त्यांबाहेर कुणाच्या गावीही नसतो. नाईकांना शेतीसाठी आठवणे योग्यच आहे. पण ते कोणत्या यादीच्या सावलीतून आले, हे सांगितल्याशिवाय त्यांचे चरित्र अर्धेच राहते. आणि मुले पळवणाऱ्या टोळीचा पुढचा मेसेज तुमच्या गावच्या ग्रुपवर आला, तर तो पुढे ढकलण्याआधी पोलीस ठाण्यात फोन करून विचारा. राईनपाड्यात हे कुणी केले असते, तर पाच घरांतली माणसे आज जिवंत असती.